पाठीमागची पाटी

दोनशे तीस किलोमीटर! पायी! एकटी! आणि मागे शिलाई मशीन लादलेली हातगाडी!

हे आधीच मोठ्याने सांगून टाकते. एरवी माझा आवाज इतका हळू, की घरातली माणसं माझ्या प्रत्येक वाक्यानंतर "आँ?" म्हणतात. कागदावर तरी आवाज चढवता येतो. वय अठ्ठावन्न, गुडघे दोन, दोन्ही दुखरे. गर्व करू नये हे मला कळतं. रोजच्या प्रार्थनेत मी तेच मागते, की देवा, मला गर्व होऊ देऊ नकोस. पण दोनशे तीस किलोमीटर म्हणजे दोनशे तीस किलोमीटर! एवढ्यापुरतं देवानेही जरा चालवून घ्यावं.

माझे काही नेम आहेत. पहाटे उठून जप. जेवण अळणी. आणि उठल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मौन. मौनात लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच. खुणा तेवढ्या चालतात. ही सूट माझी मीच मला दिली आहे, कारण सकाळी दूधवाला येतो.

मौनाचा नेम मी नऊ वर्षांपूर्वी धरला, आई गेली त्या आठवड्यात. आणि नेमका त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा आवाज असा, की फोन शेजारच्या खोलीत ठेवला तरी पुरतो. आईचं शिलाई मशीन मी माझ्या घरी आणलं होतं. ताईचं म्हणणं, ते तिचं.

वेळ सकाळी अकराची!

"मशीन तू नेलंस?" ताई.

मी गप्प.

"मला न विचारता?"

मी गप्प. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं.

"उत्तरसुद्धा देणार नाहीस? इतका माज? ठीक आहे! आता मशीन घेऊन तूच ये! पायी ये! एकटी ये! कोणाची मदत न घेता ये! तोवर मला तोंड दाखवू नकोस!"

फोन आपटला. बारा वाजून एक मिनिटाने मी उलट फोन केला. तिने उचलला नाही. पत्रं पाठवली, ती न उघडता परत आली. एक नाही, दोन नाही, नऊ वर्षं!

दुसरी एखादी म्हणाली असती, रागात माणूस काहीही बोलतं. पण मी नेमाची बाई. माझ्या कानावर पडलेला शब्द म्हणजे शब्द. फक्त आधी मुलाचं लग्न, मग यांची निवृत्ती, मग माझा डावा गुडघा, मग उजवा, असं करत राहून गेलं. यंदा मावसबहीण भेटली. म्हणाली, "ताई पासष्टीची झाली गं. परवा मलाच विचारत होती, ती मशीन चालवते का म्हणून."

झालं! त्या रात्री मी घरात जाहीर केलं, "मी ताईकडे चालले. पायी."

"आँ?" तिघेही म्हणाले. पुन्हा सांगितलं.

"तू?" आमचे हे म्हणाले. "कोपऱ्यावरून पाव आणताना दोनदा बाकावर बसतेस!"

"आई, मी टेम्पो करून देतो," मुलगा म्हणाला. "चार तासांत मशीन तिकडे."

"मशीन पोचेल रे. मी नाही पोचणार."

यावर सून माझ्याकडे बघून हसली आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचे चालायचे बूट माझ्यासमोर आणून ठेवले. एक नंबर मोठे होते. पुढे कापूस घातला.

गाडी यांनी बनवली. निवृत्त फिटर माणूस, तोंडाने नाही म्हणत राहिले आणि हाताने बनवत राहिले. जुन्या सायकलींची दोन चाकं, मधे फळी, पुढे ओढायला पाइपचा दांडा. फळीवर मशीन, त्याचं लोखंडी पायडल, वर ताडपत्री, आणि दांड्याजवळ माझ्या सामानाची पेटी. मशीनवर ताईचा पत्ता चिकटवला, वर 'थोरली बहीण' असं लिहून. "रस्त्यात पडलीस तर निदान मशीन तरी पोचतं करतील," हे म्हणाले. निघताना मात्र दोनदा चाकं तपासली.

मी मनाशी तीन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. वाहनात बसायचं नाही. गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. आणि चढावर मागे वळून बघायचं नाही, कारण मागे बघितलं की पाय परत फिरतात.

पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझ्या वाचायच्या चष्म्यावर बसले. म्हटलं, जाऊ दे, रस्ता वाचायला कशाला हवा चष्मा? आणि सकाळी नऊला डावं चाक पंक्चर!

पंक्चरवाल्याचं दुकान समोरच होतं, हीसुद्धा कृपाच. दुरुस्ती म्हणजे मदत नव्हे, हे मी मनात देवाला समजावलं. तो चाक खोलत विचारायला लागला, "कुठे चाललात मावशी?"

मी ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली.

"बोलता येत नाही?"

बोलता येत नाही हे खरंच होतं. निदान बारापर्यंत. मी मान डोलावली. मग पूर्ण खरं सांगावं म्हणून आधी दहा बोटं दाखवली, मग दोन, आणि वर आकाशाकडे बोट केलं. म्हणजे सूर्य डोक्यावर येईतो.

तो चाक सोडून उभा राहिला. "बारा?"

मी मान डोलावली.

"मुलं?" तो म्हणाला.

मी जोरात मान हलवली, नाही नाही! हात झटकून दाखवले!

"विचारत नाहीत," तो म्हणाला आणि पाना बाजूला टाकला. "आता वरच्याच्याच हवाली!"

मी कपाळावर हात मारला. त्याने डोळे पुसले. काय करणार? खुणांनी जेवढं सुधारायला जावं तेवढं बिघडत होतं. बारापर्यंत तिथे बसून राहिले असते तर दिवसाची चाल बुडली असती. मी जपमाळ काढली आणि त्याला सद्बुद्धी मागितली.

पंक्चर काढल्यावर त्याने मशीनवरचा पत्ता वाचून "बहिणीकडे?" विचारलं, तेवढी एक मान मी बरोबर डोलावली. मग ताडपत्रीच्या मागच्या बाजूला त्याने तारेने एक पत्रा बांधला. "मागच्या गाड्यांना दिसायला हवं, मावशी." त्यावर लाल रंगाने बराच वेळ काहीतरी रंगवलं. अगदी जवळून मला बिनचष्म्याची ती नुसती लाल गिचमीड दिसली. म्हटलं, 'सावकाश' किंवा तसलंच काही असेल. किती काळजी करतात लोक!

आणि त्या क्षणापासून, तुम्हाला सांगते, जगच बदललं!

माझ्यामागून येणारे ट्रक हॉर्न न वाजवता हळू व्हायचे. ओलांडून पुढे गेले की ड्रायव्हर खिडकीतून हात जोडायचे. चौकात वाहतुकीच्या हवालदाराने चारी रस्ते थांबवले आणि मला एकटीला जाऊ दिलं! सरकारी कचेरीतल्या रांगेतही ज्या बाईला कोणी पुढे सोडलं नाही, तिच्यासाठी चार रस्ते! एका फाटकाशी उभ्या म्हाताऱ्या बाईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, म्हणाली, "बाराच्या बारा असे निघाले?" मला काही कळलं नाही, पण साडेदहा वाजले होते. मी नम्रपणे मान डोलावली. ती हमसून रडली.

मी विचार केला, हे काय असावं? आणि हळूहळू उमगलं. हे नेमाचं तेज! नऊ वर्षं मौन, नऊ वर्षं अळणी, ते कुठेतरी चेहऱ्यावर उतरणारच की! घरी कुणाला दिसलं नाही, पण घरच्यांना घरातलं काय दिसतं? रस्त्याच्या कडेला थांबलेल्या मोटारीच्या आरशात मी तेज बघून घेतलं. नाक उन्हाने सोललेलं होतं. पण एकूण होतं काहीतरी.

चौथ्या दिवशी दुपारी टाचेचे फोड बांधायला एका दवाखान्यात गेले. मला तपासण्याआधी नर्सबाई बाहेर जाऊन गाडी बघून आल्या. मग अगदी हळुवार आवाजात, एकेक अक्षर सुटं करत विचारलं, "कु-ठे दु-ख-तं?"

"टाचेला," मी म्हणाले.

नर्सबाईंच्या हातातली कात्री पडली. "तुम्ही बोलता?"

"दुपारनंतर."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "होतं असं काहींना. सकाळी स्नायू आखडलेले असतात." मग बिस्किटं पुढे केली. मी सांगितलं की मी मीठ खात नाही. त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली, खिशातलं पेन काढलं आणि "गाडी जरा सावलीत लावते" म्हणून बाहेर गेल्या. मी ओरडले की गाडीला हात लावू नका! पण माझं ओरडणं टेबलापलीकडे गेलं नाही.

त्यानंतर तर चमत्कारच! शाळेच्या ओसरीवर मुक्काम केला, तिथल्या शिपायाच्या बायकोने ताट आणलं, अळणी! पुढच्या गावी खानावळीच्या मालकिणीने भाजी आणली, अळणी! मी कोणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं! खानावळवाली वर म्हणाली, "मावशी, बोलायची दगदग करू नका. आम्हाला ठाऊक आहे सगळं." सगळं ठाऊक! मी त्या रात्री प्रार्थनेत देवाला म्हणाले, गर्वाचं माझं मागणं थोडे दिवस बाजूला ठेव. सध्या जमेल असं वाटत नाही.

नवव्या दिवशी घाट आला. पहिल्या वळणावरच गाडी अडली. रस्त्याचं काम करणारी माणसं फावडी टेकून माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटले, जप सुरू केला आणि ओढलं. आणि गाडी हलकी झाली! फुलासारखी! दांडा नुसता हातात धरायचा, गाडी आपण होऊन वर! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मागे वळून बघायचं नाही हा नेम होता, म्हणून बघितलं नाही. मधेच मागून जोरात धापा टाकल्याचे आवाज आले. मनात आलं, देवालासुद्धा धाप लागते? मग कोणीतरी दणकन शिंकलं. म्हटलं, डोंगरावर गारठा असतो.

शंका नाही का आली, असं तुम्ही विचाराल. आपलं कौतुक चाललेलं असताना शंका कोणाला येते हो?

तेराव्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी ताईच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले. शहाणी बाई असती तर तिथेच थांबली असती. मी थांबणारच होते! ताईला म्हणायचं वाक्य मी दोनशे तीस किलोमीटर घोटलं होतं. "ताई, मी आले. पायी, एकटी, कोणाच्या मदतीशिवाय. तुझा शब्द पाळला." ते बाराच्या ठोक्याला दारात म्हणायचं ठरलं होतं. पण शेवटचे तीन किलोमीटर माझ्यामागून एक ट्रक दिवे लुकलुकवत सोबतीला आला होता. त्याने गल्लीच्या तोंडाशी निरोपाचा असा भोंगा वाजवला, की सगळ्या खिडक्या उघडल्या. आणि फाटक उघडून ताई बाहेर आली.

नऊ वर्षांत केस पूर्ण पांढरे झाले होते. माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

"आलीस?" ताई म्हणाली.

मी गप्प.

"बोल की!"

मी गप्प. तिचा चेहरा बघता बघता नऊ वर्षांपूर्वीच्या फोनसारखा झाला. देवा, पुन्हा तेच! नेम मोडावा का? एक शब्द, नुसता 'ताई'! जीभ टाळूपर्यंत आली. पण नऊ वर्षांत एकदाही मोडला नव्हता, आणि आता दारात येऊन मोडायचा?

"अजून माज आहेच तर!" ताई फणकारली, आणि मशीन धड आणलंय का ते बघायला तरातरा गाडीच्या मागे गेली.

तिचाही वाचायचा चष्मा डोळ्यांवर नव्हता. पण चार पावलं लांबून ती बोटभर लाल अक्षरं लागत होती. ताईने मोठ्याने वाचलं. ताईचं मोठ्याने म्हणजे चार गल्ल्या!

"ही... मावशी... मुकी आहे. बारा मुलं. एकही... विचारत नाही. बहिणीच्या गावी चालली आहे. मदत करा."

माझ्या हातातला दांडा सुटला.

आता आठवत गेलं. हात जोडणारे ड्रायव्हर, हवालदार, फाटकावरची म्हातारी. माझं तेज! लाल रंगाने, बोटभर अक्षरांत!

"मुकी?" ताईचा आवाज फाटला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने मला मिठी मारली. "कधी गं? मला कोणी कळवलं कसं नाही? आणि बारा? मला तर एकच मुलगा ठाऊक होता! नऊ वर्षांत अकरा? या वयात?"

मी जिवाच्या आकांताने मान हलवली. दहा बोटं दाखवली, मग दोन, मग आकाश.

"हो गं, हो, बारा! वाचलं मी!" ती अजूनच रडली.

तिने मला आत नेलं, खुर्चीत बसवलं, पाय गरम पाण्यात घातले. समोर भिंतीवर घड्याळ. साडेदहा. आणि ताई बोलायला लागली.

"मी मेली तुला बोल बोल म्हणून ओरडले, आणि तुला बोलताच येत नाही! ऐक. आईने मशीन तुलाच द्यायला सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी, मला एकटीला. मी कोणाला बोलले नाही. मला वाटलं, मला काहीच नाही का? म्हणून तुझ्यावरच ओरडले. आणि पायी ये म्हटलं ते आपलं रागात! रागात माणूस विहिरीत उडी टाक म्हणतं, म्हणून कोणी टाकतं का?"

मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती मला ओळखून होती.

"तू टाकली असतीस," ती म्हणाली, आणि पुन्हा रडली.

अकरा वाजले. सव्वाअकरा. लहानपणापासूनचं सगळं निघालं. निळी बशी तिने फोडली होती, मार मला बसला होता. आणि शाळेच्या समारंभाच्या आदल्या दिवशी झोपेत माझी वेणी कापली गेली, ती उंदराने नव्हे!

पन्नास वर्षं मी त्या उंदराला दोष देत होते! पण पाय गरम पाण्यात, ताईचा हात माझ्या हातात, आणि नेम शाबूत. देवाशप्पथ, इतकं गोड मौन मी कधी पाळलं नव्हतं.

घड्याळात बारा वाजले. मी ताठ बसले, घसा साफ केला. दोनशे तीस किलोमीटर घोटलेलं वाक्य होतं. तोंडातून निघालं,

"ताई! माझी वेणी तू कापलीस?"

ताई गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदा. चांगली दोन मिनिटं!

"तू बोलतेस!" ती किंचाळली. "दीड तास मला रडवलंस! लबाड! ढोंगी!"

"मौन असतं गं माझं. रोज बारापर्यंत. आई गेली तेव्हापासून."

"तेव्हापासून?" तिने बोटांवर काही मोजलं. "म्हणजे मी फोन केला त्या दिवशी..."

"अकरा वाजले होते."

ताई मटकन खाली बसली. मग उठली, मुकाट्याने चष्मा शोधला आणि बाहेर जाऊन पत्राच काढून आणला. लाल अक्षरांखाली पेनाने, खडूने, कोळशाने बारीक अक्षरांची दाटी होती. ती वाचत गेली.

"मीठ देऊ नये. दुपारनंतर थोडं बोलतात, दमवू नका. नर्स." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "उजव्या चाकाला तेल घातलं. घाटात आम्ही सात जणांनी ढकलली, त्यांना सांगू नका." पुन्हा चष्म्यावरून. "आणि हे? चौदा माणसांची अक्षरं आहेत यावर! एकटी ये म्हटलं होतं मी!"

माझा सगळा अभिमान टाचेतल्या फोडासारखा फुटला. सात जण! म्हणजे शिंकही त्यांचीच. "मग नेम मोडला का गं?" मी विचारलं. डोळे भरून आले होते.

"आँ?" ताई म्हणाली.

मी पुन्हा विचारलं.

ताईने टेबलावरचं पेन घेतलं, पत्र्यावर तळाला उरलेली जागा शोधली, आणि लिहिलं, 'पोचली. दोनशे तीस किलोमीटर. थोरली बहीण.' मग म्हणाली, "मशीन तुझं आहे. परत घेऊन जा."

"पायी?"

यावर आम्ही दोघी अशा हसलो, की माझं हसणंही गल्लीत ऐकू गेलं असावं.

मशीन ताईकडेच राहिलं. मी रिकाम्या हातगाडीसकट टेम्पोत बसून घरी आले. चार तास लागले. आमच्या यांनी गाडीची चाकं तपासली आणि शेजारी सगळ्यांना सांगितलं, "दोनशे तीस! एकटी!" घाटातलं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आता तुम्हालाच कळलंय, तर तुम्हीही सांगू नका.

ताई रोज फोन करते. न चुकता, बरोबर दहा वाजता. उंदरासकट जुनं सगळं पुन्हा पहिल्यापासून तिच्या बाजूने सांगते, माझ्या चुका मोजते, मध्येच "खरं की नाही?" विचारते आणि थोडं थांबतेसुद्धा! मग बाराला पाच कमी असताना म्हणते, "बरं, तुझं काही म्हणणं नाही ना? ठेवते."